लेबलची फाइल पाठवण्याआधी प्लेटा सुट्या करून बघा

मी लेबल छापणाऱ्या प्रेसमध्ये प्रीप्रेसला बसते. डिझायनरची फाइल आणि मशीनवर चढणारी प्लेट, म्हणजे एकेका रंगाचा छापायचा साचा, यांच्या मधला टप्पा माझ्याकडे असतो. दिवसभर दुसऱ्यांच्या फाइली उघडायच्या, तपासायच्या, दुरुस्त करायच्या आणि प्लेटेला सोडायच्या. मधे असा काही टप्पा असतो हेच बऱ्याच डिझायनरांना माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत असतं त्यांना तो अडवणूक वाटतो. "स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय" हे वाक्य मी रोज ऐकते. ते खोटं नसतं. स्क्रीनवर खरंच बरोबर दिसत असतं.

म्हणून माझी सगळ्यांना एकच विनंती असते आणि बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं: फाइल पाठवण्याआधी सेपरेशन प्रिव्ह्यू, म्हणजे प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी दाखवणारं पॅनेल, उघडा आणि एकेक प्लेट सुटी करून बघा. इलस्ट्रेटरमध्ये हे पॅनेल विंडो मेन्यूत सापडतं. तिथे ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यूला टिक केल्याशिवाय प्लेटा चालू-बंद करता येत नाहीत. इनडिझाइनमध्ये ते आउटपुटखाली आहे आणि अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू या नावाने. एका रंगाचा डोळा चालू ठेवायचा, बाकीचे बंद करायचे, आणि आता उरलंय तेवढंच मशीनला दिसणार आहे हे लक्षात घेऊन ते बघायचं.

कारण स्क्रीन सगळे रंग एकत्र मिसळून दाखवते आणि मशीन तसं काम करत नाही. फ्लेक्सोत, म्हणजे मऊ प्लेटांनी रोलवर छापायच्या पद्धतीत, प्रत्येक रंगाचं युनिट वेगळं. रोल एका युनिटमधून पुढच्यात जातो आणि प्रत्येक ठिकाणी एकाच प्लेटवरून एकच शाई लागते. कागद असो की फिल्म, ती धावत असते, ताणाखाली असते, ड्रायरमध्ये तापते. त्यामुळे पुढचा रंग मागच्या रंगावर केसभर इकडे-तिकडे बसतो. मशीन चांगलं आणि ऑपरेटर हुशार असला तरी ०.१ मिलिमीटरचा फरक गृहीत धरूनच आम्ही चालतो. डिजिटल मशीनवर प्लेट बनवावी लागत नाही, रजिस्टरही, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणंही, जास्त घट्ट असतं, पण रंग तिथेही सुटेच लागतात. फाइल तपासायची पद्धत बदलत नाही.

सगळ्यात जास्त फाइली अडतात काळ्यावर. फोटोशॉपमधला आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांतला काळा अमेरिकेत रुळलेल्या एसडब्ल्यूओपी या रंग-प्रोफाइलने सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत बदलला, की तो निघतो सायन ७५, मॅजेंटा ६८, यलो ६७ आणि ब्लॅक ९०. बेरीज ३०० टक्के. एवढी शाई फिल्मवर नीट वाळत नाही, ही एक गोष्ट झाली. त्याहून मोठा घोळ बारीक मजकुराचा होतो. घटकांची यादी, वापरायच्या सूचना, पत्ता, हे सगळं लेबलवर ५ पॉइंटच्या आसपास असतं. ५ पॉइंटच्या साध्या अक्षराची उभी रेघ जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाड भरते. ती रेघ चार प्लेटांवर वाटली गेली आणि एक प्लेट ०.१ मिलिमीटर सरकली, तर रेघेचा अर्ध्याहून जास्त भाग दुसऱ्या रंगाच्या बाहेर पडतो. मग लोक म्हणतात की छपाई धुरकट आली. छपाईत खोट नव्हती, अक्षर चार ठिकाणी छापायला सांगितलं होतं.

हे सेपरेशन प्रिव्ह्यूत एका क्षणात कळतं. ब्लॅकचा डोळा बंद करा. मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर उत्तम. त्याची करडी-तपकिरी सावली मागे राहिली, तर तो मजकूर चार रंगांत आहे आणि त्याला फक्त के १००, म्हणजे नुसती काळी शाई १०० टक्के, करायचं आहे. मोठा काळा पट्टा असेल, तर त्याखाली थोडा सायन घालून काळा दाट करता येतो. पण तो प्रेसशी बोलून, आणि त्या पट्ट्यात बारीक पांढरी अक्षरं नसतील तरच.

पांढऱ्या अक्षरांचं वेगळं सांगते, कारण तिथे डिझायनर मनापासून मेहनत घेतात आणि तरी फसतात. गडद तपकिरी पार्श्वभूमी, त्यावर ६ पॉइंटची नाजूक पांढरी अक्षरं. डिझाइन म्हणून देखणं. प्लेटा सुट्या केल्या की दिसतं की तपकिरी रंग चार प्लेटांचा बनलाय आणि प्रत्येक प्लेटवर तीच बारीक अक्षरं कोरून काढलेली आहेत. जरा रजिस्टर हललं की एका प्लेटची शाई दुसरीच्या कोरलेल्या जागेत शिरते आणि अक्षरं बुजतात. फ्लेक्सोची प्लेट मऊ फोटोपॉलिमरची, दाबाखाली ती किंचित पसरते, त्यामुळे बुजण्याला आणखी हातभार. यावर उपाय आहे आणि तो चांगला आहे: तो तपकिरी रंग पँटोनच्या नंबरवार शायांपैकी एक स्पॉट कलर, म्हणजे आधीच मिसळलेली एक शाई, म्हणून घ्यायचा. एकच प्लेट, एकच शाई, अक्षरं कोरलेली एकाच जागी. शिवाय दर छपाईला तपकिरी तसाच येतो. ब्रँडचा मुख्य रंग स्पॉटमध्ये घ्या, असं मी जिथे परवडतं तिथे आग्रहाने सांगते.

मात्र स्पॉट कलर घेतला की नावं सांभाळावी लागतात. लोगो एका फाइलमधून आला, पार्श्वभूमी दुसरीतून, आणि पॅनेलमध्ये ४८५ सी आणि ४८५ यू अशा दोन वेगळ्या प्लेटा उभ्या राहिल्या. सी म्हणजे कोटेड कागदावर तो रंग कसा दिसतो आणि यू म्हणजे अनकोटेडवर, शाई एकच. पण सॉफ्टवेअरला नाव दिसतं, शाई दिसत नाही, त्यामुळे ते दोन प्लेटा काढतं. कधी स्वॉचचं, म्हणजे फाइलमध्ये साठवलेल्या रंगाचं, नाव पँटोनचं असतं आणि आत कलर टाइप प्रोसेस केलेला असतो. मग स्पॉट म्हणून निवडलेला रंग गुपचूप चार रंगांत फुटतो आणि त्याची प्लेट पॅनेलमध्ये येतच नाही. जितके रंग छापायचे ठरलेत तितक्याच प्लेटा पॅनेलमध्ये दिसायला हव्यात, एकही जास्त नाही आणि एकही कमी नाही. हा मोजण्याचा भाग कुणालाही जमतो, त्यासाठी प्रेसमध्ये काम केलेलं असायची गरज नाही.

ओव्हरप्रिंट म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणं. त्याची एक फाइल मला चांगली आठवते. एका कॉस्मेटिक ब्रँडचं लेबल, गर्द हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. डिझायनरने ते नाव आधी काळ्यात केलं होतं आणि काळ्याला ओव्हरप्रिंट लावलं होतं, जे बरोबरच आहे; बारीक काळा मजकूर खालच्या रंगावर थेट छापला की कडेला पांढरी फट उघडत नाही. नंतर नावाचा रंग बदलून पांढरा झाला आणि ओव्हरप्रिंट तसंच राहिलं. आता पांढऱ्याला ओव्हरप्रिंट म्हणजे काय? सीएमवायकेत पांढरा म्हणजे शून्य शाई. शून्य शाई हिरव्यावर चढवली, तर हिरवाच राहतो. नेहमीच्या व्ह्यूमध्ये नाव ठसठशीत दिसत होतं. ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू चालू केला आणि नाव गेलं. अख्खं लेबल हिरवं. इलस्ट्रेटरच्या डॉक्युमेंट सेटअपमध्ये पांढऱ्याचं ओव्हरप्रिंट टाकून देण्याची सोय आहे, पण पीडीएफ पुढे कुणाच्या कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल हे आपल्या हातात नसतं. फाइलमध्येच ते काढलेलं बरं.

पारदर्शक फिल्मवरचं लेबल आलं, की मी इतर कामं बाजूला ठेवून ते आधी उघडते, कारण तिथे पांढरा ही खरोखरीची शाई असते. छपाईच्या चारही शाया पारदर्शक असतात. पांढऱ्या कागदावर त्या खुलतात त्या कागदाच्या जोरावर. तोच पिवळा थेट पारदर्शक फिल्मवर छापून तपकिरी बाटलीला चिकटवला, तर पिवळा उरतच नाही, नुसता मळकट डाग दिसतो. म्हणून खाली पांढऱ्याचा थर द्यायचा. आता स्क्रीनवरचा आर्टबोर्ड मुळातच पांढरा, त्यामुळे डिझायनरला वाटतं की पांढरा आहेच की. फाइलमध्ये तो कुठेच नसतो.

पांढऱ्याची प्लेट अशी करायची: 'व्हाइट' नावाचा नवा स्पॉट स्वॉच बनवायचा आणि त्याला डोळ्यांना दिसेल असा कुठलातरी रंग द्यायचा, मी फिकट जांभळा देते. वेगळ्या लेअरवर, जिथे जिथे पांढरा हवा तिथे त्या स्वॉचने भरीव आकार काढायचे आणि सगळ्यांना ओव्हरप्रिंट लावायचं, म्हणजे ते खालच्या रंगांना कापणार नाहीत. रंगाच्या खाली येणारा पांढरा रंगापेक्षा कडेने किंचित आत घ्यायचा, ०.१ मिलिमीटरच्या आसपास. नाहीतर रजिस्टर सरकल्यावर रंगीत आकाराच्या एका बाजूने पांढरी किनार डोकावते, आणि गडद बाटलीवर ती फार डोळ्यांत येते. जी अक्षरं नुसती पांढरीच दिसायला हवीत ती मात्र पूर्ण मापाची ठेवायची. प्लेटवरचा पांढरा १०० टक्क्यांहून कमी किंवा ग्रेडियंटचा करू नका. तो झाकतो तेव्हाच कामाचा, आणि ठिपक्यांत फुटलेला पांढरा झाकत नाही.

चंदेरी मेटॅलिक कागदावर हीच प्लेट वेगळी मजा आणते. जिथे पांढरा द्याल तिथे साधा रंग, जिथे नाही द्याल तिथे रंगातून चमक. पांढरा न देता नुसता पिवळा छापला, किंचित मॅजेंटा मिसळला, तर तिथे सोनेरी मिळतो, वेगळी सोनेरी शाई न घेता. हे कळलेला डिझायनर एका पांढऱ्या प्लेटवर अख्खं लेबल फिरवू शकतो. अशी विचार करून केलेली व्हाइट प्लेट माझ्यापर्यंत पोहोचते, तेव्हा मला खरंच आनंद होतो.

डायलाइनचं थोडक्यात. लेबल ज्या आकारात कापलं जाणार ती रेघ. ती 'डायलाइन' नावाच्या वेगळ्या स्पॉट रंगात, वेगळ्या लेअरवर, बारीक रेघेत आणि ओव्हरप्रिंट लावून ठेवायची. प्लेट बनवताना ती बंद करायची असते, आणि के १०० मध्ये काढलेली असेल तर बंद करता येत नाही, लेबलभोवती काळी रेघ छापून येते. डायची, म्हणजे लेबल कापायच्या साच्याची, रेघ अंदाजाने काढू नका, प्रेसकडून मागून घ्या. कोपऱ्यांची गोलाई तयार डायशी जुळायला हवी. पार्श्वभूमी रेघेच्या बाहेर २ ते ३ मिलिमीटर वाढवायची आणि मजकूर रेघेपासून किमान दीड-दोन मिलिमीटर आत ठेवायचा. कटिंगही केसभर सरकतं, म्हणूनच मला लेबलच्या अगदी कडेने जाणारी बारीक चौकट मुळीच आवडत नाही. एका बाजूला १ मिलिमीटर आणि समोर दीड, एवढासा फरक नुसत्या पार्श्वभूमीत कुणाला दिसला नसता. चौकटीमुळे तो लगेच उठून दिसतो. चौकट हवीच असेल तर चांगली जाड करा किंवा बरीच आत घ्या.

ग्रेडियंट आणि सावल्या फ्लेक्सोला जड जातात. रंग १०० टक्क्यांपासून शून्यापर्यंत विरत नेला, तर स्क्रीनवर तो हळुवार संपतो. प्लेटवर मात्र सगळ्यात बारीक ठिपके तग धरत नाहीत, आणि जे धरतात ते दाबाखाली पसरून मोठे होतात. म्हणजे रंग विरत विरत येतो आणि २-३ टक्क्यांवर अचानक तुटतो. तिथे एक कड दिसते जी डिझाइनमध्ये नव्हती. त्यामुळे ग्रेडियंट कोऱ्या जागेत शून्यावर न संपवता लेबलच्या कडेपर्यंत नेऊन बाहेर जाऊ द्यावा, किंवा दुसऱ्या टोकाला थोडा रंग शिल्लक ठेवावा. मऊ ड्रॉप शॅडो तर शक्यतो टाळाच. ठेवलीच, तर ती फक्त ब्लॅकच्या प्लेटवर आहे ना हे बघा, आणि इलस्ट्रेटरमध्ये रास्टर इफेक्टचं रेझोल्यूशन ३०० आहे ना तेही. वेबसाठी उघडलेल्या डॉक्युमेंटमध्ये ते ७२ असतं आणि सावलीला चौकडे पडतात.

बारकोडच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. नेहमीचा ईएएन-१३, म्हणजे १३ अंकी बारकोड, पूर्ण मापात, दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून, ३७.२९ बाय २५.९३ मिलिमीटर भरतो. सगळ्यात बारीक रेघ ०.३३ मिलिमीटर. तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, त्याखाली नाही. डावीकडे त्या बारीक रेघेच्या ११ पट आणि उजवीकडे ७ पट जागा कोरी लागते. नेमकी तीच जागा डिझायनरला वाया गेल्यासारखी वाटते आणि तो तिथे एखादं चिन्ह बसवतो. स्कॅनरला कोड कुठे सुरू झाला हेच मग कळत नाही. रेघा एकाच प्लेटवर आणि व्हेक्टर, म्हणजे ठिपक्यांच्या चित्राऐवजी आकार म्हणून काढलेल्या, हव्यात; जेपेग चालणार नाही. लाल किंवा केशरी रेघा तर अजिबात नको: पुष्कळ स्कॅनर लाल प्रकाश टाकतात आणि त्या प्रकाशात लाल रेघ पांढऱ्यासारखीच उजळ दिसते, वाचायला काही उरत नाही. पारदर्शक फिल्मवर बारकोडखाली पांढऱ्याचा भरीव चौकोन द्यायचा. आणि अरुंद गोल बाटली असेल, तर कोड ९० अंशांत फिरवायचा, म्हणजे रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक येतात आणि गोलाईत वळून दिसेनाशा होत नाहीत. क्यूआर कोडला चारही बाजूंनी त्यातल्या सगळ्यात लहान चौकोनाच्या ४ पट कोरी जागा द्यायची.

आता मराठी मजकुराबद्दल, कारण हे इंग्रजी मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. इलस्ट्रेटरमध्ये देवनागरी टाकली आणि पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर पडली किंवा जोडाक्षरं हलंत होऊन सुटी झाली, तर परिच्छेदाला दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सेटिंग, लावलेला नाही. प्रेफरन्सेसमध्ये टाइपखाली इंडिक पर्याय चालू करायचे, मग पॅराग्राफ पॅनेलच्या मेन्यूतून तो कंपोझर निवडायचा; इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर तर फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर चक्क रोमन अक्षरांच्या कचऱ्यात बदलतो. म्हणून प्रेसला जाणाऱ्या प्रतीत अक्षरं आउटलाइन करा, म्हणजे फाँट न लागणारे नुसते आकार करा, आणि मूळ प्रत स्वतःजवळ जपून ठेवा.

आउटलाइन केल्यावर काम संपत नाही. देवनागरीत शेजारच्या अक्षरांची शिरोरेघ एकमेकींवर किंचित चढलेली असते. नुसता भरीव रंग असेल तोवर ठीक. पण अशा अक्षरांना बाहेरून स्ट्रोक, म्हणजे रंगीत किनार, दिला, की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते, आणि कंपाउंड पाथ चुकीच्या नियमाने भरला गेला तर सांध्यावर पांढरी चीर पडते. पाथफाइंडरने शब्द एकसंध करून घ्यायचा आणि शिरोरेघ ८०० टक्क्यांवर झूम करून शेवटपर्यंत बघत जायची. बारीक मजकुरात अनुस्वार आणि रफारही बघा. 'धं' किंवा 'र्थ' यांतली पोकळी ५ पॉइंटला पार मिटते. रोमन अक्षरं ५ पॉइंटला वाचता येतात म्हणून मराठीही त्याच मापात बसवली जाते, हे मला मनापासून खटकतं. मात्रा-वेलांट्यांना वर आणि उकारांना खाली जागा लागते. मराठी मजकूर एक-दीड पॉइंट मोठा घ्या, ओळींमधलं अंतर वाढवा, जागा कमी पडत असेल तर दुसरं काहीतरी लहान करा. लेबलवरची सूचना वाचणाऱ्यासाठी असते.

फोटोंचं नेहमीचंच: छापायच्या मापात ३०० डीपीआय. ३०० चा फोटो दुप्पट मोठा केला की तो १५० चा होतो, हे विसरलं जातं. प्रतिमा फाइलमध्ये एम्बेड करा किंवा सोबत पाठवा. पीडीएफ शक्यतो पीडीएफ/एक्स-४ या छपाईसाठीच्या प्रकारात करा; ट्रान्सपरन्सी त्यात जशीच्या तशी राहते आणि आमच्या टोकाला ती नीट सोडवता येते. फाइल मूळ मापातच ठेवा. प्लेट सिलिंडरवर गुंडाळल्यावर ताणली जाते त्याची वजावट आम्ही करतो, तुम्ही करू नका.

काही गोष्टी कुठल्याच प्लेटवर दिसत नाहीत आणि तरी ठरवाव्या लागतात. बॅच नंबर आणि तारीख नंतर छापली जाणार असेल, तर तिथे व्हार्निश, म्हणजे छपाईवरचा पारदर्शक थर, नको, कारण बऱ्याच शाया त्यावर धरत नाहीत; ती कोरी खिडकी व्हार्निशच्या प्लेटमध्येच कापून ठेवायची. लेबल बाटलीभोवती पूर्ण गुंडाळणारं असेल, तर एक टोक दुसऱ्याखाली जातं, त्या पट्टीत मजकूर येऊ द्यायचा नाही. आणि लेबल मशीनने चिकटवलं जाणार असेल, तर रोलवरून ते कुठल्या दिशेने सुटलं पाहिजे, डोकं आधी की पाय आधी, छपाई बाहेरून की आतून, हे भरणाऱ्या कारखान्याला विचारून कळवायचं. दिशा उलटी गेली तर निर्दोष छापलेला अख्खा रोल पुन्हा गुंडाळावा लागतो.

फाइलसोबत मेल पाठवाल तेव्हा त्यात प्लेटांची नावं लिहा. सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक, पँटोन ४८५, व्हाइट, व्हार्निश, डायलाइन, असं साधं. त्याखाली लेबलची रुंदी-उंची, कागद की फिल्म, आणि रोलची दिशा. ही यादी मी माझ्यासमोरच्या पॅनेलशी ताडून बघते, आणि एक जरी नाव जुळलं नाही तरी प्लेट बनवायच्या आधी फोन करते.